तुला सापडलेला शब्द, बाई

बाई, फोन आला तेव्हा मी तुझीच नक्कल करत होते.

दारव्ह्याला, नणंदेच्या पोरीच्या साक्षगंधात. जेवणं आटोपली होती, बायका सतरंजीवर पसरल्या होत्या आणि कुणीतरी नेहमीसारखं म्हटलं, "वंदनाकाकू, होऊन जाऊ द्या एखादं." मला काय, एवढंच लागतं. मी तुझ्यासारखा पदर घट्ट खोचला, तुझ्यासारखी मान एका बाजूला केली आणि तुझा तो संथ आवाज काढला, "मले ना खुशी हाय, ना दुःख हाय. मंग काय हाय व?" हशा उसळला. त्या हशात पर्समधला फोन थरथरून थरथरून तीनदा बंद पडला. चौथ्यांदा उचलला. आमचे हे होते. म्हणाले, "वहिनी गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" पुढच्या दोघीतिघी अजून हसतच होत्या. त्यांना वाटलं, हाही नकलेचाच भाग.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी, जी स्वतःच्या मूळव्याधीच्या ऑपरेशनचीसुद्धा वीस मिनिटांची गोष्ट करते.

अठ्ठावीस वर्षं तुला 'तुम्ही' म्हटलं. मोठी जाऊ, मानाची. आज 'तू' म्हणते, कारण मला राग आलाय आणि रागात 'तुम्ही' म्हणणं मला जमत नाही. आमच्या ह्यांना विचार. तर ऐक. तुला आता दुसरं काम नाही, आणि उठून जायचीही सोय नाही.

मी घरी पोचले तोवर तुला हिरवं लुगडं नेसवून झालं होतं. कपाळभर मळवट, ओटीत नारळ, हातात हिरव्या बांगड्या. गल्लीतल्या सगळ्या बायका रांगेनं तुझ्या पाया पडत होत्या. सवाष्ण गेली ना तू. "भाग्याची व माय," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "उन्हात दाळ टाकाले गेली आन् बसल्या जागी गेली. ना कोनाले तरास, ना काही." आणि तिसरी, तुझ्या तोंडाजवळ वाकून, "पाह्य ना, कशी हासून राह्यली."

तू हसत नव्हतीस. मी पाहिलं. भाजी निवडताना तुझा खालचा ओठ जसा किंचित पुढं यायचा, तसा आला होता. तेवढंच. मला वाटलं ओरडावं, की बायांनो, हिला निदान आज तरी हसायला लावू नका. पण मी ओरडले नाही. मीही "हो ना" म्हटलं. मी आयुष्यभर जिथं गप्प बसायचं तिथं बोलले आणि जिथं बोलायचं तिथं "हो ना" म्हटलं. हा माझा जुना धंदा.

आपली मधली भिंत तुला आठवते का? आठवणारच, तिच्यावर तू इतकी वर्षं मुठी मारल्यास. वाटण्या झाल्या तेव्हा एका स्वयंपाकघराचे दोन केले आणि मध्ये एक विटेची भिंत घातली. त्या भिंतीतून एकमेकींच्या फोडणीचा वास यायचा, खोकला यायचा आणि कुकरच्या शिट्ट्या यायच्या. मी कुकर लावायचे आणि फोनवर बसायचे. माझा फोन म्हणजे काय, माहेरची खबर, सासरची खबर, मग त्या दोन्ही खबरा तिसरीला. इकडं वरणाचा कोळसा होत असायचा. आणि मग भिंतीवर धप धप, "वंदे! चार झाल्या!" तू तुझं काम करता करता माझ्या शिट्ट्या मोजायचीस. तुझ्या स्वतःच्या कुकरच्या तू कधी चुकल्याचं मला आठवत नाही, आणि माझ्या मी कधी मोजल्याचंही आठवत नाही.

त्या दिवसापासून तीन वेळा वरण करपलंय. आमचे हे मुकाट्यानं खातात. पूर्वी बोलले असते.

आता मूळ भांडणावर येते.

सात-आठ वर्षं झाली असतील. मागच्या अंगणात आपण दोघी तुरी पाखडत होतो. तू सूप थांबवलंस आणि म्हणालीस, "वंदे, तू मराठीत बी.ए. हायस ना व?"

"हो बाई. पण थर्ड क्लास."

"थर्ड का असेना. मले एक सांग. मानसाले खुशी नसते आन् दुःखबी नसते, त्याले काय म्हनतात?"

मी म्हटलं, "कंटाळा."

तू विचार केलास. खरंच केलास, तुरीचे खडे वेचतेस तसा. "नाही. कंटाळ्यात मानूस इकडेतिकडे पाह्यते, उठाव वाट्टे. मले उठाच नाही वाटत अन् बसाबी नाही वाटत."

"मग उदास."

"उदास मी माय मेली तवा होती. ते मले माहीत हाय, ते दारातून आलं का मी वळखतो. हे ते नाही."

"मग समाधान म्हणा. सगळं आहे तुमचं. पोरगी शिकली, दादा दारू पीत नाहीत, छप्पर गळत नाही."

"समाधान जेवल्यावर येते ना व. हे जेवायच्या आंधीचं हाय. पन भूकबी नाही."

बाई, आज मला कळतं की त्या अंगणात तू किती मोठं काम करत होतीस. मी पदवीच्या जोरावर एकेक शब्द तुझ्या सुपात टाकत होते आणि तू पाखडून बाजूला काढत होतीस. सातवी शिकलेली बाई. एकही शब्द तू उगाच ठेवून घेतला नाहीस. आणि मला काय सुचावं? मी कंटाळले (मला मात्र तो शब्द बरोबर बसतो) आणि म्हटलं, "मग अळणी म्हणा! मीठ नाही पडलं तुमच्यात." आणि स्वतःच्याच विनोदावर एवढी हसले की सूप उलटलं.

तूही थोडं हसलीस. माझं मन राखायला. ते हसू पाहून मला वाटलं, झकास जमलं.

पुढच्या महिन्यात पुतण्याच्या लग्नात मी ते सगळं जसंच्या तसं करून दाखवलं. मांडवात लोक गडबडा लोळले. त्या दिवसापासून तू 'अळणी बाई' झालीस. पोरंसोरं विचारायला लागली, "मोठ्या आई, आज मीठ किती?" जावई लोकसुद्धा. तू कुणाला रागावली नाहीस. फक्त त्यानंतर कुणीही "कसं काय?" म्हटलं की तू एकच बोलायचीस, "बरी हाय." तापात बरी हाय. दाढ काढून आलीस, गाल फुगलेला, तरी बरी हाय. मी तुझं तोंड शिवून टाकलं, बाई, तेही एक लग्न हसवण्यासाठी. त्या लग्नातलं कुणाला आता नवरीचं नावसुद्धा आठवत नसेल.

आणि तू एकदाही माझ्यावर ओरडली नाहीस. याचाही मला राग आहे. ओरडायचंस ना! भिंतीवर मुठी मारायला हात होते, माझ्यावर ओरडायला तोंड नव्हतं?

एकदाच होतं. यवतमाळच्या त्या डॉक्टरकडे तुला नेलं होतं, चक्कर येत होती म्हणून. पोरगाच होता डॉक्टर, पण चांगला. बीपी पाहिलं, रक्त पाहिलं, मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "मावशी, मन कसं राहतं तुमचं? उदास वाटतं का?" तू पदर नीट केलास. तोंड उघडलंस. मी पाहिलं होतं ते उघडताना. आणि मी मध्ये पडले, "नाही हो डॉक्टर, आमच्या बाई एकदम मस्त राहतात. कशाचीच चिंता नाही त्यांना." डॉक्टर हसला आणि त्यानं ताकदीच्या गोळ्या लिहिल्या.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. बोरी अरबचा फाटा दिसायला लागला तेव्हा म्हणालीस, "माह्यं तोंड होतं ना व तठी?"

मी म्हटलं, "अहो, डॉक्टरांना घाई असते, म्हणून मी..."

"त्याले घाई नोती. तुले होती."

बस. एवढंच भांडण. मी त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही. आज देते. घाई मला होती. मला भीती वाटली की तू त्या परक्या पोरासमोर खरं काहीतरी सांगशील आणि मग मला ते ऐकावं लागेल, गोष्ट न करता.

हे लिहिताना हात थांबला. चहा करून आले. तुझ्या भागाची बत्ती सवयीनं लावायला निघाले होते, अर्ध्या वाटेतून परतले. दादांनी आधीच लावली होती.

महालक्ष्म्यांचं सांगायचं राहिलं, आणि त्याशिवाय पुढचं कुणाला कळणार नाही. आपल्या घरात ज्येष्ठा तू आणायचीस, कनिष्ठा मी. मोठ्या जावेनं मोठी, धाकटीनं धाकटी. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत त्या मातीच्या मुखवट्याला छातीशी धरून, हळदकुंकवाच्या पावलांवरून. मुखवटे पणजीच्या वेळचे. रंग उडालेला, ज्येष्ठेच्या गालावर पोपडे. तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं, बाई, या रंगवून आणू. घमेल्यात जुनं लुगडं अंथरून, त्यात दोघींना झोपवून मी एसटीनं यवतमाळला नेलं. शेजारच्या सीटवरच्या माणसानं विचारलं, "काय हाय?" मी म्हटलं, "माझ्या जावा." ही गोष्टही मी पन्नासदा सांगितली आहे.

मूर्तीवाला म्हणाला, "रंग देतो. तोंड कसं ठेवू?"

मला आयतंच कोलीत. मी म्हटलं, "जरा हसरं करा. सणाचे दिवस आहेत."

त्यानं केलं. लालभडक ओठ, दोन्ही बाजूंनी वर ओढलेले, गालांवर गुलाबी. कनिष्ठा चांगली दिसत होती, खोटं का बोलू. माझ्यासारखी बावळट पण आनंदी. ज्येष्ठा तुझ्या हातात दिली. तू फडकं बाजूला केलंस आणि किती तरी वेळ पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "हे आपली नाही."

तरी तू तिला आणलंस. पावलांवरून, छातीशी धरून. सोळा भाज्या केल्यास, आंबील केलीस, पुरण घातलंस. तीन दिवसांत एकदाही वर मान करून तिच्या तोंडाकडे पाहिलं नाहीस. माझ्या लक्षात आलं होतं. सगळं माझ्या लक्षात येतं, बाई, माझं तेवढंच तर कौशल्य आहे. वाईट हे की लक्षात आलं की मी ते साठवते आणि मग सांगते.

तिसऱ्या दिवशी त्यांना परत पेटीत ठेवताना तू बोललीस. माझ्याकडे पाठ होती. "वंदे, ज्येष्ठेचं पहिलं तोंड तुले आठवते का? ते हासत नोती. रडतबी नोती. येते तवाबी तशीच, जाते तवाबी तशीच. मले बरं वाटे पाहून. वाटे का घरात कोनीतरी माह्यासारखं हाय." मग फडकं गुंडाळलंस, गाठ मारलीस. "आता तेबी तुह्यासारखीच हासून राह्यली."

मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी म्हटलं, "पुढच्या वर्षी परत रंगवून आणू ना." पुढच्या वर्षी आणले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आज वाटतं, आत्ता उठावं, घमेलं घ्यावं, एसटी धरावी. पण काय सांगू त्या मूर्तीवाल्याला? जुनं तोंड मला आठवत नाही. पंचवीस वर्षं समोर होतं. मी कनिष्ठेकडेच पाहत होते, माझी होती ना ती.

आणि आता तो खरा राग, ज्याच्यासाठी हा कागद घेऊन बसले.

या उन्हाळ्यात, गच्चीवर, कुरडया घालत होतो. तुझ्या हातात सोऱ्या, माझ्या हातात चिकाचं पातेलं. सकाळची वेळ, अजून ऊन चढलेलं नव्हतं. तू मध्येच म्हणालीस, "वंदे, तो शब्द मले सापडला."

"कोणता?"

"तोच. तुरी पाखडताना इचारला होता तुले."

माझ्या अंगावर काटा आला, देवाशपथ. सात-आठ वर्षं! तू सात-आठ वर्षं तो शोधत होतीस, एकटी, "बरी हाय, बरी हाय" म्हणत. मी म्हटलं, "सांगा ना बाई."

तू सोऱ्या फिरवलास. एक अख्खी कुरडई घातलीस, गोल गोल, मधोमध येऊन तोडलीस. मग म्हणालीस, "नाही सांगत. तू सांगत सुटशील."

"नाही हो, आईशपथ, कुणाला नाही सांगणार."

"तुह्या मायच्या किती शपथा खाल्ल्या व आतापर्यंत? बिचारी सरगात उचक्या देऊन राह्यली असन."

हसलो दोघी. आणि मी, मूर्ख, दुखावले. म्हटलं, "नका सांगू. मला काय करायचं?" मनात म्हटलं, दिवाळीत करंज्या भरताना काढून घेऊ. तू कुठं जाणार आहेस?

गेलीस ना. घेऊन गेलीस. हा कसला सूड, बाई? एवढ्या जपून ठेवलेल्या गोष्टी मागं ठेवून गेलीस. लोणच्याच्या बरण्या, मीनलच्या बाळंतपणातला डिंक, माझी न परत केलेली परात, सगळं. आणि ती एक गोष्ट मात्र सोबत. तेरा दिवस मी पाहुण्यांना चहा देता देता तेच शोधत होते. कोमट? तुझा आवाज लगेच, "कोमट पानी आंग धुवाले चांगलं असते, वंदे." मचूळ? "त्याले वास येते." निवळ? हा मला आवडला होता. रात्र रात्र घोळवला. पण तू तोही पाखडलास, "निवळ पान्यात तळ दिसते. मले कुठी दिसत होता तळ?" थर्ड क्लासची बी.ए. आहे मी, माझ्या पोतडीत एवढंच. तू मेलीस तरी माझे शब्द नापास करतेस.

तेरवीच्या आदल्या दिवशी मीनल तुझी फ्रेम घेऊन आली. तुझी एकुलती एक पोरगी, नागपूरला नोकरी, रडून रडून डोळ्यांचे भजे झालेले. तिनं दिवाणखान्यात फ्रेम लावली, हार घातला, मागं सरकली. मी पाहिलं आणि माझ्या हातातला ताटल्यांचा ढीग खाली ठेवला.

तू हसत होतीस. सगळे दात दाखवून. बाई, तुझे वरचे दोन दात पडलेले होते, तेही तिथं हजर होते!

"मीनल, हे काय?"

"फोटो, काकू."

"हे हसू कुठून आणलं?"

"स्टुडिओवाल्यानं केलं. कॉम्प्युटरवर. आईचा एकही हसरा फोटो नव्हता. तुम्ही दिवाळीत काढलेला होता ना, ग्रुपवर टाकलेला, त्यावरूनच केलं."

तो फोटो मला आठवला. नवीन फोन घेतला होता, तुझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि न सांगता काढला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या अळणी बाईसाहेब'. चौदा जणांनी हसणारी तोंडं पाठवली होती.

मी भडकले. पाहुण्यांसमोर भडकले. "काढ ते खाली! तुझी आई आहे ती, टूथपेस्टची जाहिरात नाही!"

मीनलही तुझीच पोरगी. ती ओरडली नाही. म्हणाली, "काकू, मग काय लावू? लोक येतील, पाहतील, म्हणतील की ही बाई सुखी नव्हती. म्हणतील, आम्ही सांभाळलं नाही. मी दर रविवारी फोन करून विचारायची, 'आई, कशी आहेस?' 'बरी हाय.' दर रविवारी, काकू. इतकी वर्षं. मला माझ्या आईबद्दल दुसरं काहीच माहीत नाही." मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आणि तुम्ही कायले चिडता? महालक्ष्मीले तर तुम्हीच हसवून आणलं होतं."

नागपूरला राहून शुद्ध बोलते ती, पण शेवटच्या वाक्याला गावची भाषा आली. तुझाच आवाज वाटला. मी खाली ठेवलेल्या ताटल्या उचलल्या आणि आत गेले.

मग मी काय केलं ते ऐक, कारण याचा तुला तरी उपयोग व्हावा. दुसऱ्या दिवशी तेरवी, घरात दीडशे माणसांचा स्वयंपाक, आणि मी सकाळच्या पहिल्या गाडीनं फ्रेम पिशवीत घालून यवतमाळला गेले. आमचे हे म्हणाले, "पागल झाली काय?" मी म्हटलं, "हो."

स्टुडिओवाला नुकतं शटर उघडत होता. "काय झालं मॅडम, पसंत नाही?"

"हसू काढा."

"काढू? लोक लावायला येतात, तुम्ही काढायला आल्या. ओरिजिनलमध्ये काही एक्सप्रेशनच नव्हतं ना. मग काय ठेवू? थोडं सॅड?"

"सॅड नाही."

"स्माइल नाही, सॅड नाही. मग काय?"

बघ बाई. तुझाच प्रश्न, यवतमाळच्या बाजारात, काउंटरच्या पलीकडून. मी माझा फोन काढला आणि मूळ फोटो दाखवला. न कापलेला, पूर्ण. आणि मीही तो पहिल्यांदाच नीट पाहिला. तू भिंतीशी उभी आहेस. आपल्या मधल्या भिंतीशी. मान एका बाजूला, डोळे कुठंच नाहीत, ओठ किंचित पुढं आलेला आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलेलं, म्हणजे माझ्याकडे न पाहता मला सांगितलेलं, की थांब. मीनलनं ते बोट कापून टाकलं होतं. तिला कळलं नसणार ते काय आहे.

तू माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होतीस. मी कुकर लावून तुझा फोटो काढायला आले होते आणि तू त्याही वेळी मोजत होतीस. दोन झाल्या होत्या की तीन, कोण जाणे.

मी म्हटलं, "असाच. जसा आहे तसा. बोटासकट."

"बोट चांगलं नाही दिसणार, मॅडम."

"दिसू द्या."

तेरवीच्या पंगती बसायच्या आत मी परतले. मीनलच्या हातात फ्रेम दिली आणि तिला सांगितलं ते बोट कशाचं आहे. अळणीची गोष्टही सांगितली, तुरींपासून. नक्कल न करता, बसून, माझ्याच आवाजात. फार वाईट सांगितली. मध्ये मध्ये अडकत होते. ती उठली, स्टुलावर चढली आणि स्वतः फ्रेम बदलली.

दादा ओसरीतून आत आले. तुझा नवरा, माझे भासरे. जे अठ्ठावीस वर्षांत माझ्याशी एक वाक्यही सरळ बोलले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, ही त्यांची रीत. मी समोर उभी असले तरी तुला म्हणायचे, "तिले सांग, चहात साखर कमी टाक म्हना." मी ऐकायचे, तू पुन्हा सांगायचीस, मी दोन्हीदा मान हलवायचे. तर दादा फ्रेमसमोर उभे राहिले. हात मागं बांधलेले. मला वाटलं, विचारतील, बोट काय म्हणून. त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. फ्रेमलाच म्हणाले, "हां. हे घरची हाय." आणि पंगतीत वाढायला गेले.

जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हटलंच, "वंदनाकाकू, बाईंची एखादी आठवण." सगळे माझ्याकडे वळले. काहींच्या ओठांवर हसू तयार होतं. मी म्हटलं, "मला बाईंची नक्कल येत नाही." आणि खरकटी उचलायला लागले. लोकांना वाटलं, दुःखात आहे. वाटू दे.

आता मीनल गेली. सुतक फिटलं. महालक्ष्म्या जवळ आल्यात, यंदा साधेपणानं करायच्या म्हणतात. तुझा हा फोटो मूर्तीवाल्याकडे न्यावा का, असं मनात येतं. ज्येष्ठेला तुझं तोंड. मग वाटतं, तू म्हणशील, "पागल झाली काय व, देवाले मानसाचं तोंड?" ठरत नाही. आणि ज्येष्ठा आणणार कोण, हेही कुणी माझ्यासमोर बोललेलं नाही. मी अजून धाकटीच आहे, बाई. मला मोठी व्हायचं नाही.

दादांचं जेवण आता माझ्याकडून जातं. भिंतीपलीकडं ते एकटे असतात, ताट येईपर्यंत. काल दुपारी मी कुकर लावला आणि फोन हातात घेतला नाही. भिंतीला पाठ लावून बसले. म्हटलं, आज स्वतः मोजायच्या. एक झाली. तुझ्यावरचा राग होताच. दोन झाल्या. तो शब्द काय होता, हे मला आता कधीच कळणार नाही, हे पहिल्यांदा नीट कळलं. मग तिसरी झाली की ती दुसरीच होती, आणि चौथी झाली की झालीच नाही, कळेना. मी मोजायला बसले होते आणि माझं मोजणं हरवलं. पण मी रडत नव्हते. मला बरंही वाटत नव्हतं. नुसती बसले होते, मान एका बाजूला करून.

तेवढ्यात भिंतीवर धप धप झालं. तुझ्यापेक्षा जड हात.

"पाच झाल्या!" दादा ओरडले.

सरळ. मलाच. मधे कुणी "तिले सांग" नाही.

मी उठून गॅस बंद केला. ओट्यापाशी तशीच उभी राहिले आणि भिंतीला म्हटलं, "हो, दादा." वाफ जिरेपर्यंत दोघंही आपापल्या बाजूला उभे असणार. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, कशी आहेस वंदना, तर बाई, मी 'बरी हाय' म्हटलं नसतं. तोंड उघडलं असतं, आणि थांबले असते.